तिकिटावर साडेपाच तास, जावई म्हणतात सोळा तास. मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती वेळ लागतो?

सातारी_कंदी

नमस्कार मंडळी. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नागपूर, तोही रेल्वेनं. आता मुलगी न्यूयॉर्कला असते आणि तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं फेब्रुवारीच्या मध्याला निघतोय, जूनमध्ये परत. तिकिटं जावयांनी काढून पाठवली, नॉनस्टॉप आहे, मुंबई ते जेएफके. प्रिंट काढून आणली आणि बघतो तर जाताना निघायची वेळ रात्री १:३० आणि पोचायची वेळ सकाळी ७:००, तारीख तीच. म्हणजे साडेपाच तास! मी हिला म्हटलं अगं साताऱ्याहून बोरिवलीला जायला कधीकधी एवढा वेळ लागतो. मग परतीचं बघितलं तर सकाळी ११:०० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी १०:४५, म्हणजे पावणेचोवीस तास. जावयांना फोन केला तर ते हसायला लागले, म्हणाले बाबा जाताना सोळा तास आणि येताना सव्वाचौदा. आता मला घड्याळातला फरक कळतो हो, अगदीच अडाणी नाही, पण तो धरूनसुद्धा जाणं आणि येणं यात पावणेदोन तासांचा फरक कसा? अंतर तर तेच ना, का येताना शॉर्टकट आहे?

दुसरी शंका. नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते न्यूयॉर्क रेघ मारली. अरबस्तान, इजिप्त, सहारा वाळवंट, मोरोक्को आणि मग सरळ अटलांटिक. सोपा रस्ता. पण जावई म्हणतात विमान वर युरोपवरून, आइसलंड-ग्रीनलंडच्या बाजूनं जातं. एवढा उत्तरेला वळसा कशाला? जावयांना जास्त विचारायचं म्हणजे बरं नाही दिसत, म्हणून इथे विचारतोय. हिची बीपीची गोळी सकाळी आठची आहे, तिचं काय करायचं तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

एडिसनचा_बंड्या

काका सर्वप्रथम अभिनंदन, आजोबा होताय! गेली बारा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि दर हिवाळ्यात कोणाचे ना कोणाचे आईबाबा हाच प्रश्न विचारतात, माझ्या बाबांनी तर शेजाऱ्यांना सांगून टाकलं होतं की अमेरिका सहा तासांवर आहे 😄

तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. तुम्ही पोचाल तेव्हा तिथे सकाळचे ७, म्हणजे साताऱ्यात संध्याकाळचे ५:३०. रात्री १:३० ते संध्याकाळी ५:३० मोजा, सोळा तास झाले. जावई बरोबर आहेत (जावई नेहमीच बरोबर असतात असं आमच्या सासूबाई सोडून सगळे म्हणतात).

येताना वेळ कमी का लागतो हे मात्र जाणकारांनी सांगावं, मला एवढंच माहितेय की येताना नेहमी कमी लागतो.

कट्टा_नंबर_१

सोप्पंय. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना खाली पृथ्वी फिरतच असते म्हणून एका दिशेला वेळ जास्त आणि एका दिशेला कमी. शाळेत शिकलोय.

भूगोलाच्या_बाई

कट्टा, कुठल्या शाळेत ते सांगू नका, माझीच निघायची.

अहो, पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणजे मुंबईवर तरंगणाऱ्या विमानाखाली पश्चिमेकडचे देश सरकत येणार. मग अमेरिकेला जाताना वेळ कमी लागायला हवा आणि येताना जास्त. प्रत्यक्षात बरोबर उलटं आहे. शिवाय पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, मुंबई आणि न्यूयॉर्कच्या रेखांशात सुमारे १४७ अंशांचं अंतर, म्हणजे तुमच्या हिशोबानं हेलिकॉप्टर वर नेऊन नुसतं उभं ठेवलं तरी पावणेदहा तासांत खाली न्यूयॉर्कचं रेखावृत्त आलं पाहिजे. तिकीटच काढायला नको. असं होत नाही कारण हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. लोकलच्या डब्यात माशी उडत असते, ती काय दादरला उडाली आणि डबा पुढे जाऊन मागच्या भिंतीवर आपटली असं होतं का?

तरी तुम्हाला पाचपैकी एक मार्क देते, कारण पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण वाऱ्यामार्फत. विषुववृत्ताकडची गरम हवा वर जाऊन ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, त्यातून खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे तयार होतात. त्याबद्दल विमानवाल्या कोणीतरी लिहावं.

आता काकांची पट्टी. काका, पट्टी नकाशावर ठेवली तिथेच चुकलं. नकाशा म्हणजे संत्र्याची साल सोलून टेबलावर दाबून सपाट केलेली, आणि दाबताना वरचा आणि खालचा भाग ताणला जातो, म्हणून ग्रीनलंड त्यात एवढं अवाढव्य दिसतं. त्यावरची सरळ रेघ गोलावर सरळ नसते. तुमच्याकडे किंवा शेजारच्या पोराकडे पृथ्वीगोल असेल तर एवढं करा. शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर बोटानं दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ढिला सोडू नका, ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. मग कुठून गेला ते इथे सांगा. मी उत्तर आत्ता देणार नाही, तीस वर्षांची सवय आहे.

सातारी_कंदी

बाई, केला प्रयोग. शेजारच्या प्रथमेशचा गोल आणला, त्याला अंटार्क्टिकाच्या जागी पोचा आलाय पण वरचा भाग शाबूत आहे. हिच्या डब्यातला काळा दोरा. मुंबईहून निघाला तो सिंध, अफगाणिस्तान, मग कझाकस्तानचा कोपरा, आणि तिथून थेट मॉस्कोच्या डोक्यावरून! मला वाटलं माझाच दोरा सरकला म्हणून तीन वेळा केलं, तिन्ही वेळा मॉस्को. पुढे स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडच्या खालच्या टोकाला घासून कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. दोरा मोजला तर साडेएकोणतीस सेंटीमीटर. मग मुद्दाम माझ्या पट्टीच्या रस्त्यानं, सहारावरून मोरोक्कोवरून दोरा बोटानं धरत धरत नेला, तो भरला साडेतेहतीसच्या आसपास. गोलाचा घेर चौऱ्याण्णव सेंटीमीटर, पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटर, म्हणजे एक सेंटीमीटरला सव्वाचारशे किलोमीटर. हिशोब केला तर जवळची वाट साडेबारा हजार किलोमीटर आणि माझी "सोपी" वाट चौदा हजारांच्या वर! कालवे काढण्यात आयुष्य गेलं, लेव्हल मशीनवर डोळा लावून उभा राहिलो, पण हे डोक्यात आलं नव्हतं. ही म्हणाली दोरा परत रिळाला गुंडाळून ठेवा.

भूगोलाच्या_बाई

शाब्बास! मी आकडे घालून काढलं तर मुंबई-जेएफके १२,५३० किलोमीटरच्या जवळपास येतं आणि तुमची पट्टीची वाट १४,२०० च्या थोडी वर. सातशे रुपयांच्या गोलावर दोऱ्यानं एवढं अचूक मोजलंत, काय पाहिजे. त्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात, पुस्तकात असतं पण परीक्षेत येत नाही म्हणून कोणी वाचत नाही.

रात्रपाळी_डिस्पॅच

सकाळी घरी आलोय, झोप यायच्या आत लिहून टाकतो, टायपो माफ करा. मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये बरीच वर्षं काम केलंय, म्हणजे विमान निघायच्या आधी आज कुठल्या वाटेनं जायचं, किती इंधन भरायचं, कुठे हवा खराब आहे हे ठरवणारी मंडळी असतात ना, त्यातला एक.

काकांचा दोरा बरोबर पण दोऱ्याच्या वाटेनं विमान क्वचितच जातं. दोऱ्याला परवानगी लागत नाही, विमानाला प्रत्येक देशाची लागते. पाकिस्ताननं २०१९ ला बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या शेवटी हवाई हद्द बंद केली ती जुलैच्या मध्याला उघडली, आणि नंतर २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पुन्हा बंद केली, मग महिन्या-महिन्यानं मुदत वाढवत राहिले. दिल्लीवाल्यांचे त्यात फार हाल झाले कारण त्यांना आधी खाली गुजरातकडे येऊन मग समुद्रावर जायचं, अमेरिकेला जाणारी-येणारी काही विमानं तर वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरवायला लागली. मुंबईला त्यामानानं कमी झळ, आपल्या दारातच अरबी समुद्र आहे, तिथून आखाताच्या बाजूनं, तुर्कस्तान, युरोप आणि मग अटलांटिक. काकांच्या दोऱ्यातलं मॉस्को पण असंच, २०२२ पासून रशियानं युरोपियन आणि अमेरिकन कंपन्यांना हद्द बंद केलीय, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे एकाच दिवशी एकाच गावाहून एकाच गावाला निघालेली दोन विमानं शेपटीवर कुठला झेंडा आहे त्याप्रमाणे वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. वळसेबिळसे धरून मुंबई-न्यूयॉर्क तेरा हजार किलोमीटर पकडा.

आता वारा. काका तुमच्या पावणेदोन तासांचं उत्तर इथे आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर हा जेट स्ट्रीम नावाचा वाऱ्याचा पट्टा असतो, नदीसारखा, वळणं घेत जातो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. मधोमध ताशी दोनशे किलोमीटर सहज, हिवाळ्यात तीनशेच्या वर पण जातो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा. समजा अख्ख्या वाटेवर सरासरी फक्त साठचा वारा मिळाला, जाताना समोरून आणि येताना मागून. जाताना जमिनीच्या हिशोबानं ९०० वजा ६०, म्हणजे ८४०. तेरा हजार भागिले ८४०, साडेपंधरा तास. येताना ९६०, तर साडेतेरा. बघा, फक्त साठच्या वाऱ्यानं दोन तास इकडेतिकडे. वर दोन्हीकडे जमिनीवरचं धावणं, रांगेत उभं राहणं, गेट यात अर्धापाऊण तास घाला, तुमच्या तिकिटातले सोळा आणि सव्वाचौदा झाले. कृष्णेत पोहताना धारेत आणि धारेविरुद्ध, सातारकरांना काय सांगायचं.

आणि तिकिटावरचे तास म्हणजे हवेतले तास नसतात हेही लक्षात ठेवा. त्याला आमच्यात ब्लॉक टाइम म्हणतात, गेटवरून विमान मागे ढकललं तिथपासून ते तिकडच्या गेटला चाकाखाली अडकण लावली तिथपर्यंत. त्यात थोडी हवा भरलेली असते, म्हणजे वीस मिनिटं उशिरा निघून पण "वेळेत पोचलो" असं पायलट अभिमानानं सांगतो ते त्या हवेमुळेच.

या वाऱ्याची एक गंमत सांगतो आणि झोपतो. १९२० च्या दशकात ओइशी नावाच्या जपानी हवामान शास्त्रज्ञानं फुगे सोडून सोडून हा वारा मोजला होता, पण जगानं वाचावं म्हणून पेपर लिहिला एस्परांतो भाषेत, आणि जगात ती भाषा येणारे किती! कोणी वाचलंच नाही. मग १९४४ ला अमेरिकन बॉम्बर जपानवर एवढ्या उंचीवरून गेले तेव्हा त्यांना कळेना की विमान समोर का सरकत नाहीये. आणि अलीकडचं म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं, एरवी साडेसहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशोबानं तेराशेच्या वर वेग गेला होता त्याचा.

कट्टा_नंबर_१

बाई, एक मार्क दिलात तोही परत घ्या 🙏 पण मला सांगा, वारा एवढाच त्रास देतो तर जाताना विमानानं पूर्वेकडूनच जायचं ना, वाऱ्याबरोबर, पॅसिफिकवरून. पृथ्वी गोल आहे.

रात्रपाळी_डिस्पॅच

(झोप लागली नाही) कट्टा, हसू नका कोणी, हा प्रश्न चांगला आहे. न्यूयॉर्कसाठी नाही परवडत, फार लांब पडतं, पण सॅन फ्रान्सिस्कोसाठी खरंच केलंय. एअर इंडियानं २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, अंतर चौदाशे-एक किलोमीटरनं वाढून १५,३०० झालं आणि तरी वेळ दोनेक तासांनी कमी झाला, साडेचौदा तासांत पोचले, कारण वारा पाठीमागे. म्हणून कुठल्या साइटवर दोन विमानतळांची नावं टाकली आणि अंतर किती, वेळ किती असं आलं की अंतर खरं माना आणि वेळ फक्त अंदाज माना. त्या साइट अंतराला एका ठरलेल्या वेगानं भागतात आणि वर अर्धा तास टाकतात, जाणं-येणं दोन्हीला सेम आकडा. वारा त्यात कुठेच नाही.

सातारी_कंदी

सगळ्यांचे आभार, डिस्पॅचसाहेब झोपा आता. पण एक नवीनच घोळ झालाय. मी रात्री विचार केला की घड्याळातला फरक जाताना वजा होतो आणि येताना तेवढाच मिळतो, म्हणजे तिकिटावरचे दोन्ही आकडे नुसते बेरीज केले तर फरक उडून जायला पाहिजे आणि खरे एकूण तास मिळायला पाहिजेत. बरोबर ना? आता साडेपाच अधिक पावणेचोवीस म्हणजे सव्वाएकोणतीस. आणि जावयांचे सोळा अधिक सव्वाचौदा म्हणजे सव्वातीस. एक तास गेला कुठे? चार वेळा केलं. खात्यात असताना एक रुपयाचा फरक आला तरी ऑडिटवाले बसवून ठेवायचे, इथे अख्खा तास गायब आहे.

भूगोलाच्या_बाई

काका, तुमची पद्धत एकदम बरोबर आहे, मला स्वतःला हे सुचलं नव्हतं, वर्गात वापरली असती. तास का गायब आहे ते बंड्याला माहीत असणार, तो तिथे राहतो.

एडिसनचा_बंड्या

हो हो, माझ्याच डोक्यावर दर मार्चमध्ये आदळतो तो तास. काका तुम्ही जाताय फेब्रुवारीत आणि येताय जूनमध्ये. मधे मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत सगळी घड्याळं एक तास पुढे करतात, रात्री दोनचे एकदम तीन होतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. म्हणून जाताना फरक साडेदहा तास, येताना साडेनऊ. तुमच्या बेरजेत दोन वेगळे फरक आले म्हणून ते पूर्ण उडाले नाहीत, एक तास शिल्लक राहिला. ऑडिट क्लिअर.

तो तास तुम्ही न्यूयॉर्कमध्येच हरवणार आहात, एका रविवारी सकाळी उठाल आणि लेक म्हणेल बाबा आठ वाजले, तुमच्या मनगटावर सात. साताऱ्याला फोन करायची वेळ पण त्या दिवसापासून बदलते ते लक्षात ठेवा, माझी आजी अजून रागावते की पोरगा तासभर आधीच फोन करतो.

सातारी_कंदी

क्लिअर झालं! हिला सांगितलं, ती म्हणते घड्याळ पुढे केल्यानं दूध एक तास आधी येणार का.

कुंदा_पार्ले

वहिनींचा प्रश्न मला सगळ्यात आवडला 😂

मी लेकीकडे दोनदा जाऊन आलेय, दोन्ही वेळा हिवाळ्यात गेले, म्हणून अनुभवाचं सांगते, हिशोब पुरुषमंडळींनी केलाच आहे. तुमची फ्लाइट रात्री दीडची आणि फेब्रुवारीतली आहे म्हणजे तुम्ही रात्रीच्या बरोबर बरोबर पळणार. विमान पश्चिमेला जातं, रात्र पण पश्चिमेला सरकते, आणि हिवाळ्यात तिकडे वर उत्तरेला दिवस उशिराच उजाडतो. मुंबईचे दिवे गेले आणि त्यानंतर मी झोपले, उठले, जेवले, परत झोपले, स्वेटर विणला (लाकडी सुया होत्या, कोणी अडवलं नाही), समोरच्या पडद्यावर तुर्कस्तान गेलं, जर्मनी गेलं, बाहेर काळाकुट्ट अंधार. माझ्या घड्याळात दुपारचे दोन वाजलेत आणि खिडकीबाहेर मध्यरात्र. शेजारच्या आजी घाबरल्या, म्हणाल्या सूर्य उगवणार आहे ना आज. शेवटी कॅनडावर आल्यावर एक तांबडी रेघ दिसली, मग जांभळी, आणि खाली सगळं बर्फ निळं निळं. डावीकडची खिडकी घ्या. तिथून विमान खाली नैर्ऋत्येला उतरत जातं, उजेड डाव्या हाताला येतो.

त्रासाचं म्हणाल तर पाय. माझ्या पहिल्या वेळी मी लाजून उठलेच नाही, दोघांना ओलांडून कोण जाणार म्हणून, आणि उतरताना बूट चढेना एवढे पाय सुजले. दुसऱ्या वेळी कडेची सीट घेतली आणि दर दीडदोन तासांनी मागे पँट्रीपर्यंत जाऊन यायचे, तिथे उभं राहून टाचा वरखाली. पाणी पीत राहा. आणि व्हीलचेअर सांगून ठेवली असेल तर निघायच्या आदल्या दिवशी परत फोन करून खात्री करा, माझी पहिल्या वेळी एका कंपनीनं नोंदवलीच नव्हती आणि चेकइनची मुलगी म्हणते मावशी तुम्ही तर चांगल्या चालताय.

गोळीचं. आपल्या सकाळचे आठ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. आमच्या डॉक्टरांनी मला विमानात आपल्या घड्याळानं घ्यायला सांगितली आणि तिकडे गेल्यावर कशी सरकवायची ते कागदावर लिहून दिलं. पण प्रत्येकाची गोळी वेगळी, तुम्ही तिकीट घेऊन डॉक्टरकडेच जा आणि त्यांना हे सोळा तास दाखवा, साडेपाच नका दाखवू. इन्सुलिनवाल्यांनी तर विचारल्याशिवाय काहीच करू नये. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट, मोठ्या बॅगेत अजिबात नको.

कट्टा_नंबर_१

कुंदाताई मग येताना उलटं का? म्हणजे रात्र पटकन संपते?

कुंदा_पार्ले

हो ना. मी जूनमध्येच परत आले होते. सकाळी निघालं, जेवण झालं, अंधार पडला म्हणेपर्यंत परत उजाडलं. तीनचार तासांची रात्र असेल. आणि उत्तरेकडच्या खिडकीतून, म्हणजे येतानाही डावीकडेच, क्षितिजावर फिकट उजेड बराच वेळ तसाच राहिला, मावळलाच नाही पूर्ण. हवाईसुंदऱ्या सगळ्यांना खिडक्या बंद करायला लावतात, मी पदर घेऊन आत बघत बसले होते. घरी आल्यावर आठ दिवस पहाटे तीनला टक्क जाग, ते वेगळंच.

सातारी_कंदी

पोचलो. मंडळी, सहा दिवस झाले, आज वेळ मिळाला. नात झाली, दोघी सुखरूप आहेत. आमच्या पोचण्याच्या तिसऱ्या दिवशीच, म्हणजे थोडक्यात गाठलं.

प्रवासाची नोंद ठेवली होती वहीत, सवय जात नाही. गेटवरून विमान हललं १:५२ ला, चाकं उचलली २:२०. न्यूयॉर्कच्या धावपट्टीवर टेकलं तेव्हा माझ्या मनगटावर संध्याकाळचे ५:२४, म्हणजे तिथले ६:५४, आणि गेटला लागलं ७:०९. हवेत पंधरा तास चार मिनिटं. गेट ते गेट पंधरा तास सत्तेचाळीस मिनिटं, बावीस मिनिटं उशिरा निघून नऊच मिनिटं उशीर, डिस्पॅचसाहेबांनी सांगितलेली हवा तिकिटात भरलेली होतीच. पडद्यावर समोरून वारा कधी ७०, कधी १४० दाखवत होते, एकदा तर १८०. मी प्रत्येक वेळी हिला उठवून दाखवत होतो, शेवटी ती म्हणाली मला वारा दाखवायला उठवलंत तर खिडकीतून खाली टाकीन.

दोऱ्याची वाट नाही मिळाली. मॉस्को तर नाहीच. अरबी समुद्रावरून निघालं ते मस्कतच्या बाजूनं, मग तुर्कस्तान, ऑस्ट्रिया-जर्मनी, आयर्लंडच्या वरून. पण कॅनडाचं टोक आलं तेव्हा तांबडी रेघ दिसली, डावीकडेच, कुंदाताई. ही तेव्हा जागी होती. आठची गोळी तिनं विमानात आपल्या घड्याळानं घेतली, डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं, आणि अजून मनगटावरचं घड्याळ बदलायला तयार नाही. म्हणते एक घड्याळ साताऱ्याचं राहू दे, स्वयंपाकघरात एक यांचं आहेच.

जूनच्या परतीला पण डावीकडची खिडकी ना, पण ताई तुम्ही कडेची सीट पण म्हणालात. मग हिला कडेला आणि मला खिडकीत, मधे कोण बसणार ते नशीब. तीनच्या रांगेत मधली रिकामी राहायची शक्यता कितपत असते, डिस्पॅचसाहेब?

रात्रपाळी_डिस्पॅच

अभिनंदन आजोबा! जूनमध्ये? शून्य. वहिनींना मधे बसवा आणि खिडकी तुम्ही घ्या, वारा दाखवायला उठवू मात्र नका, येताना तो मागूनच असणार आहे.